हत्तीची टोपडी

परवा संध्याकाळी आमच्या घरात केस जळल्याचा वास सुटला. सासूबाई देवघरातनं ओरडल्या, "कोणाचे केस जळालेत गे? बघ की जरा!" (बेळगावबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं जळालेत म्हणजे जळून गेलेत असं नाही, आत्ता जळत आहेत.) आणि मी ओट्यापाशी उभी, हातात भुवया काढायचा चिमटा, चिमट्यात बोटभर दोरा, समोर पेटलेलं निरांजन. त्या आत आल्या, बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, "देवाचं निरांजन ह्याला घेतलीस व्हय?"

कुठलं सूत कशाचं आहे ते जाळून बघत होते मी. पहिला दोरा होता सासऱ्यांच्या जुन्या घोंगड्याचा. खरी लोकर, धनगराची, काळी. ज्योतीत धरला की आखडतो, तडतडतो, केसासारखा वासतो आणि बाहेर काढला की आपोआप विझतो, मागे राहतं ते बोटानं चुरलं तर भुगा होतं. मग वातीचा कापूस धरला, तो लगेच पेटला, कागद जळल्यासारखा वास, पिठासारखी राख. आणि मग तिसरा दोरा, जो खडेबाजारातनं आणला होता आणि ज्याच्या गुंड्यावर गुलाबी अक्षरात 'बेबी वूल' लिहिलंय आणि बाजूला गोड मेंढीचं चित्र आहे. तो पेटला, वितळला, काळा धूर सोडला आणि चिमट्याच्या टोकाला एक टणक काळा मणी होऊन चिकटून बसला. तो मणी अजून निघालेला नाही, नखानं खरवडला, पिनेनं खरवडला, नाही. मेंढीचं चित्र होतं, मेंढी नव्हती.

दुकानदाराला दोष देत नाही मी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात शंभर टक्के ॲक्रिलिक लिहिलेलं होतंच, वाचणार कोण. आपल्या मराठीतच घोळ आहे, मेंढीच्या अंगावर असते तीही लोकर आणि दुकानात गुंडा मिळतो तीही लोकर. आईच्या वेळी निदान 'कॅशमिलॉन द्या' म्हणत, म्हणजे हे बनवलेलं सूत आहे हे नावातनं कळायचं. हे ॲक्रिलिक प्रकरण तसं जुनं आहे, अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीनं १९५० च्या सुमाराला ऑर्लॉन नावानं बाजारात आणलं, आणि आता लुधियानाहून येणारा जो गुंडा आपण उचलतो तो बहुतेक वेळा तोच असतो. मी तीस वर्षं विणतेय, घरातल्या सगळ्यांचे स्वेटर केले, आणि मला कधी प्रश्नच पडला नव्हता की हे आहे कशाचं. रंग बघायचा, हाताला मऊ आहे का बघायचं, गालाला लावून बघायचं, झालं.

प्रश्न पडला तो दुसऱ्यांच्या बाळांसाठी विणायला लागल्यावर.

आमची भिशी अकरा जणींची, टिळकवाडी आणि अनगोळ मिळून. दोन वर्षांमागे आमच्यातल्या एकीचा नातू साडेसात महिन्यांतच झाला, काचेच्या पेटीत ठेवला होता, तर ही रोज डबा घेऊन जायची आणि येऊन सांगायची की गावाकडनं आलेल्या बायकांच्या बाळांना काय गे, आईच्या साडीचा तुकडा गुंडाळलेला, डोक्याला काही नाही. नातू घरी आला, बारसं झालं, आणि त्याच महिन्यात भिशीत ठरलं की दर महिन्याचे थोडे पैसे बाजूला काढायचे आणि टोपडी, मोजे, स्वेटर विणून द्यायचे. नुसत्या उत्साहात चाळीस नग तयार केले पहिल्या दोन महिन्यांत. पिवळे, गुलाबी, आकाशी, गोंडे लावलेले, मोत्याची बटणं, सॅटिनची रिबन. इस्त्री पण केली मी, गरम इस्त्री, आणि ॲक्रिलिक चपटं होऊन त्याचा जीवच गेला, ताणलं तर ताणलेलंच राहायला लागलं. ते तसेच त्या दवाखान्यात नेऊन दिले. देणाऱ्याला कोण नाही म्हणणार असं वाटलं.

तिथल्या एक सिस्टर, मोठ्या अनुभवी, हुक्केरीकडच्या, मराठी समजतं पण बोलतात कानडी मिसळूनच. त्यांनी पिशवी उघडली, तोंड आत घातलं, वास घेतला आणि पिशवी बंद करून माझ्यापुढं सरकवली.

"आक्का, डांबरगोळी?"

हो, डांबरगोळ्या. ट्रंकेत ठेवले होते ना महिनाभर, आपल्याकडं लोकरीचं काहीही ठेवलं की डांबरगोळी टाकायची हे हाताला इतकं सवयीचं आहे की मी विचारसुद्धा केला नव्हता. सिस्टरांनी मला बसवून सांगितलं आणि नंतर मी एका ओळखीच्या बालरोगवाल्या डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम कमी असतं, जन्मतःच, आणि बघून ते कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनचा वास लागलेले कपडे घातले, त्यात गुंडाळलं, की त्याच्या लाल पेशी फुटायला लागतात आणि कावीळ एकदम चढते. गोळी खायला लागत नाही, कपड्यात मुरलेली वाफ पुरते. मी तिथंच बसून घामाघूम झाले. माझी दोन मुलं मी त्याच ट्रंकेतल्या दुपट्यांत वाढवली. काही झालं नाही, पण ते माझ्या हुशारीनं नव्हे.

आता आमच्या कुणाच्याच घरी बाळाच्या कपड्यांजवळ डांबरगोळी नसते. कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि द्यायच्या आधी साध्या साबणानं धुवून उन्हात. खऱ्या लोकरीला कसर लागते म्हणून ती जास्त दिवस ठेवतच नाही, झाली की देऊन टाकायची.

बरं, वासाचं झालं. मग त्यांनी एकेक नग काढून बघायला सुरुवात केली आणि मला शाळेत वही तपासून घेताना वाटायचं तसं वाटायला लागलं. गोंडा नको. बटण नको. रिबन नको, गळ्याशी तर नकोच. मोजा उलटा केला, आत दोऱ्याची शेपटं लोंबत होती, त्यावर बोट ठेवलं. हे मला अजिबात माहीत नव्हतं: आत सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बाळ हातपाय हलवेल तसा आवळत जातो, आणि बाळ रडत राहतं पण का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळत नाही. तोवर बोट निळं. दोन रंगांची नक्षी विणतो तेव्हा आतल्या बाजूला जे दोरे आडवे धावतात तेही तसेच, आणि जाळीच्या विणीत बोटं अडकतात ती वेगळीच. म्हणजे मी ज्याला कलाकुसर म्हणत होते ते सगळं बाद. मग टोपड्याचं सूत चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाल्या, "भाळ छलो अद, पण इदु बेड. हत्तीदु तर्री."

फार छान आहे, पण हे नको, हत्तीचं आणा. आता आम्ही बेळगाववाल्या, कानडी बोलता नाही आलं तरी बाजारापुरतं कळतं, हत्ती म्हणजे कानडीत कापूस. मी घरी येऊन भिशीच्या ग्रुपवर टाकलं, सिस्टर म्हणाल्या हत्तीदु आणा, सगळ्यांनी अंगठे पाठवले. त्या ग्रुपात आमच्या एका मैत्रिणीची सून पण आहे, लग्न होऊन पुण्याहून आलेली, तेव्हा चारच महिने झाले होते. क्रोशाचा हात इतका सुंदर की बघत राहावं. पोरीनं आठ दिवस रात्री जागून नऊ टोपडी केली, करड्या रंगाची, दोन बाजूला मोठे कान, मधे सोंड, डोळ्यांना काळे मणी. ॲक्रिलिकची.

तिनं पिशवीतनं पहिलं काढलं आणि आम्ही सगळ्या गप्प. मग एक हसली आणि मग कुणालाच थांबता येईना, ती बिचारी आधी रडकुंडीला आली आणि कळल्यावर सगळ्यांत जास्त हसली. म्हणाली, "काकू, मला वाटलं इथे हत्ती शुभ असेल." सिस्टरांना दाखवायला घेऊन गेलो तर त्या खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या. वॉर्डात ती चालणार नव्हतीच, शिवलेली सोंड, मणी, काही नको, पण एक त्यांनी ठेवून घेतलं. टेबलावरच्या पेनांच्या डब्याला घातलंय, अजून आहे.

कापूसच का, हे मला त्या वॉर्डात उभं राहिल्यावर कळलं. वेळेआधी झालेलं बाळ म्हणजे ३७ आठवडे पुरे व्हायच्या आधी आलेलं. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंमी असतो, पण २८ व्या आठवड्यातलं बाळ असेल तर २६ च्या आसपास, म्हणजे एक मोठी मोसंबी. अंगावर चरबी नाही, अंगाच्या मानानं डोकं मोठं, ऊब बरीचशी तिथनं निघून जाते. आणि त्यांच्याकडं बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून तासन् तास ठेवतात, कांगारूसारखं. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथं पेट्या कमी आणि बाळं जास्त होती म्हणून, आणि आता ती सगळीकडं गेलीय. तेव्हा बाळाच्या अंगावर असतं काय, लंगोट, टोपडं आणि मोजे. स्वेटर नाहीच. आम्ही जे स्वेटर घेऊन नाचत होतो ते तिथं कामाचेच नव्हते. आणि टोपडं म्हणजे दिवसात दोनदा ओकारी लागणार, औषध सांडणार, ते सरळ कढत पाण्यात जाणार. सुती सूत उकळलं तरी त्याला काही होत नाही, ओलं झालं की उलट जास्त मजबूत होतं. घाम टिपतं. ॲक्रिलिक पाणी पीतच नाही, घाम आहे तिथंच राहतो आणि डोकं चिकट.

तर आम्ही सुतीकडं वळलो आणि सुतीनं आम्हाला रडवलं. ज्यांनी आयुष्यभर ॲक्रिलिक विणलंय त्यांना सांगते, सुती सुताला ताण नसतो. ॲक्रिलिक आणि लोकर रबरासारखी परत येते, टाका जरा सैल झाला तरी सांभाळून घेते. सुती काही सांभाळून घेत नाही, तुमचा प्रत्येक वाकडा टाका चव्हाट्यावर. बोटं दुखतात. काठाला एक सुलट एक उलट घातलं तरी दोन धुण्यांत सैल पडून टोपडं बाळाच्या नाकावर येतं. मग मी एक नंबर बारीक सुई घेतली, १० ऐवजी ११, आणि टोपडं डोक्याच्या घेरापेक्षा दोन-अडीच सेंमी लहानच धरायला लागले, तेव्हा जमलं. वजन पण लागतं. एकाच मापाची दोन टोपडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, ॲक्रिलिकचं १९ ग्रॅम, सुतीचं २८. बाराशे ग्रॅमच्या बाळाला हा फरक कमी नाही, म्हणून जाड सूत सोडून बारीक घेतलं, काम दुप्पट झालं, भिशीत कुरकूर झाली. मर्सराइज्ड म्हणतात ते चमकदार सूत दिसतं छान, मजबूत पण असतं, पण मला बाळाच्या डोक्याला साधं, बिनचमकीचं बरं वाटतं, हात लावला की फडक्यासारखं लागतं. हे माझं मत, आमच्यातल्या दोघी अजून चमकदारच आणतात.

एक मिल्क कॉटन नावाचं ऑनलाइन मिळतं, फार मऊ, सगळ्या त्याच्या प्रेमात. मी लेबल वाचलं तर माझ्याकडच्या गुंड्यात निम्म्याहून जास्त ॲक्रिलिकच. निरांजनावर धरलं, पुन्हा मणी. आमच्यातली एक वडगावची, माहेर मागावाल्यांचं, तिनं उरलेलं सूत कोनच्या कोन आणलं फुकट, चार पदरी धरून विणू म्हणाली. दिसायला रेशमी, हाताला गार, आणि धुतल्यावर टोपडं पालीच्या कातड्यासारखं लिबलिबीत. ते व्हिस्कोस होतं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासनं बनवलेलं सूत, ओलं झालं की त्याची निम्मी ताकद जाते. बांबूचं म्हणून जे महागडं सूत विकतात ते पण बहुतेक व्हिस्कोसच असतं हे मला तेव्हा समजलं. मोहेर (शेळीच्या केसांचं) आणि अंगोरा (सशाच्या केसांचं) तर सोडाच, त्याचे केस बाळाच्या नाकातोंडात.

पण मग सगळ्यांना कापूसच, असं ठरवून टाकावं तर तसंही नाही. कारण आमचं सगळं सामान काही वॉर्डात जात नाही, अर्धं खानापूरच्या जंगलपट्ट्यात जातं, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीपर्यंत. तिथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. मी मुद्दाम जुलैत आमच्याच पडवीत, म्हणजे बेळगावात, कणकुंबीत नव्हे, एक सुती स्वेटर आणि एक ॲक्रिलिकचा स्वेटर धुवून शेजारी शेजारी वाळत घातला. ॲक्रिलिकचा दुसऱ्या दिवशी सकाळी घालण्यासारखा. सुती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पण काखेत दमट, आणि कुबट वास. मग तिथल्या बाईनं काय करावं, तिच्याकडं दहा जोड असतात व्हय?

म्हणजे तिकडं ॲक्रिलिक द्यावं असं वाटतं ना, मलाही वाटलं, दिलेही. मग एकदा आम्ही स्वतः गेलो. घरात बाळंतीण, खाटेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला, धुरी चाललेली. आणि त्या शेगडीवर पालथी दुरडी आणि दुरडीवर बाळाची दुपटी, झबली, वाळायला. पिढ्यान् पिढ्यांची पद्धत, पावसात दुसरं करणार काय, माझ्या आजीनं पण हेच केलं. पण आजीची दुपटी जुन्या धोतराची होती. आज त्या दुरडीवर मधोमध माझा आकाशी स्वेटर होता आणि त्याची एक बाही खाली निखाऱ्याकडं लोंबत होती. मला तो चिमट्यावरचा मणी दिसला. कापूस पेटतो, चटकन पेटतो, त्याचंही काही कौतुक नाही, पण तो वितळून कातडीला चिकटत नाही. हे चिकटतं. मी पुढं होऊन बाही वर सरकवली, आणि त्या बाईला वाटलं मी माझं विणकाम बघतेय, ती हसून म्हणाली, "लई ऊब हाय बगा ह्यात."

काय बोलणार मी.

खरं तर विस्तवाजवळ सगळ्यांत भली ती खरी लोकर. लवकर पेट घेत नाही, घेतला तर विस्तव बाजूला केला की विझते, आणि आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी पिऊनही ओली लागत नाही. पावसाळी, थंड, विस्तवाचं घर, म्हणजे लोकरीचंच. आणि आपल्या भागात लोकर काय कमी आहे, चिकोडी-रायबागकडं धनगरांची मेंढरं रस्त्यानं जाताना मोटार थांबते. पण ती दख्खनी मेंढी, तिचा केस राठ. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर जाडी गेली की केसाचं टोक कातडीला टोचतं, आणि हिचा त्याच्या बराच पुढं जातो. मेरिनो जातीच्या मेंढीचा १७ ते २२ असतो. घोंगडं शेतात पावसात उत्तम, त्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, उभं केलं तर उभं राहतं, बाळाला त्याच्यात गुंडाळाल तर बाळ घर डोक्यावर घेईल.

मग मेरिनो. माझी भाची ऑस्ट्रेलियातनं तीन लड्या घेऊन आली होती, साईच्या रंगाच्या, हात लावला की हात काढवत नाही. मी त्याचा एक स्वेटर केला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुबक, काठाला एक टाका इकडचा तिकडं नाही, आणि तो मुद्दाम जंगलपट्ट्यातल्याच एका पोरीला दिला, पहिलटकरीण होती. म्हटलं चांगली वस्तू काय फक्त आपल्याच नातवंडांनी घालायची. तीन महिन्यांनी परत जाणं झालं. विचारलं, स्वेटर कसा आहे? ती लाजली, आत गेली, सासूकडं बघितलं, आणि सासूनं चुलीवरनं चहाचं पातेलं उतरवलं, जे धरून उतरवलं ते माझं मेरिनो. तळहाताएवढं. पुठ्ठ्यासारखं जाड. एक बाही कशीबशी ओळखू येत होती.

पोरीनं काही चूक केली नव्हती. बाळाचा कपडा, ओकारी लागलेला, तिनं बंबातल्या कढत पाण्यात सोडा टाकून भिजवला आणि दगडावर चोळला, आई-सासूनं शिकवलं तसं. लोकरीच्या केसाला माशासारखे खवले असतात, गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत, कपडा आटतो. थंड पाण्यात, न चोळता, न पिळता, सपाट वाळवायचा असतो तो. ते मी तिला सांगितलं होतं का? नाही. आणि सांगून तरी काय, ओकारीचा कपडा थंड पाण्यात बुचकळून बाळाला परत घालायला मी तरी तयार झाले असते का. सासू म्हणाली, "काकू, ब्येस हाय बगा, चटका म्हनून लागत न्हाई." लागणार कसा, लोकर आहे ती. दोन कप चहा प्यायले तिथं.

त्या दिवसापासनं माझं एकच ठरलंय, सूत घेताना आधी विचार करायचा की हे धुणार कोण, कशात धुणार आणि कशावर वाळवणार. मऊपणा मग. रंग तर शेवटी.

आता एक सुपरवॉश म्हणून लोकर मिळते, तिचे खवले क्लोरीननं बोथट करून वर रेझिनचा बारीक थर दिलेला असतो, म्हणून ती आटत नाही, रोजच्या कपड्यांत मशीनला टाकली तरी चालते. उकळायची नाहीच ती पण. किंमत बघून भिशीत सन्नाटा पसरला होता, एका लडीच्या पैशात ॲक्रिलिकचे चार गुंडे येतात. वाद झाला सरळ सरळ. एक म्हणाली, चार बाळांना ऊब मिळते ती सोडून एकाला कशाला? बरोबर आहे तिचं. दुसरी म्हणाली, त्या चारांतलं एक शेगडीजवळ असलं तर? हे पण बरोबर आहे. शेवटी कापसाचा खर्च वाचवून थोडी सुपरवॉश घ्यायची असं ठरलं, आणि ती फक्त ऊसतोडवाल्यांसाठी.

ते राहिलंच सांगायचं. दिवाळी झाली की आमच्या चिकोडी, निपाणी, अथणी पट्ट्यात कारखाने सुरू होतात आणि बीडकडनं, विजापूरकडनं टोळ्या येतात, शेताच्या कडेला पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या खोपी. थंडीचे दिवस, पहाटे चारला आई फडात, बाळ खोपीत, दाराशी तीन दगडांची चूल, आणि बाळाला सांभाळायला सहा वर्षांची बहीण. तिथं ॲक्रिलिक द्यायला माझा हात होत नाही. आणि जाडजूड सुती दुपटी आम्ही विणायची सोडून दिली, त्याच्यापेक्षा घरोघरच्या जुन्या नऊवारी आणि सुती साड्या गोळा करून वाकळ शिवायची, हलकी, धुवायला सोपी, शंभरदा धुऊन आधीच मऊ झालेली. हे सुचवलं सासूबाईंनी. म्हणाल्या, "बाळाला कवा कोणी नवं कापड घातलंय गे आमच्या वेळी? जुनेरच." विणणाऱ्या बायकांना विणू नका सांगणं जड जातं, पण त्यांच्या वाकळी खोपीत सगळ्यांत आधी संपतात.

तर सध्या असं चाललंय: वॉर्डाला बारीक सुती टोपडी आणि मोजे, दोऱ्याच्या शेंड्या आत पक्क्या शिवून, उलटं करून बघितल्याशिवाय पिशवीत जात नाहीत. खोपींना वाकळी आणि थोडी सुपरवॉश. जंगलपट्ट्याला पावसाळ्यात अजून ॲक्रिलिकच जातं, दुसरा चांगला उपाय सापडला नाही मला, आत सुती झबलं घालायला सांगतो आणि शेगडीचं सांगतो.

पण सांगितलेलं राहतं कुठं लक्षात, आणि गावातल्या आशा कार्यकर्तीच्या हातनं चौथ्या घरी पोचलेल्या स्वेटराबरोबर आमचं सांगणं जात नाहीच. म्हणून चिठ्ठी लावायचं काढलं, तर मराठीत लिहू की कानडीत यावर अर्धी भिशी गेली, बेळगावात हे व्हायचंच. आणि वाचणारी वाचणार का हा प्रश्न वेगळाच. तेव्हा ती पुण्याची सून, जी आता मस्त "काय करालीस आक्का" बोलते, तिनं वहीच्या पानावर पेनानं दोन चित्रं काढली. एक शेगडी, तिच्यावर मोठी फुली. ही ॲक्रिलिकला. दुसरा हत्ती, बाजूला वाफा निघणारं पातेलं, म्हणजे हे उकळलं तरी चालतं. मराठीत विचारलं हे काय, तर हत्ती. कानडीत म्हटलं हत्ती, तर कापूस.

पट्टीच्या सुती फितीवर शिक्का मारून शंभर तुकडे केलेत, आतल्या बाजूला नाही लावत, टोचेल म्हणून बाहेरच्या काठाला चार टाके. सिस्टरांनी पहिली फीत बघितली आणि पेनांच्या डब्याकडं बोट दाखवलं.